छपरावरचं माशाचं हाड

संबंधितांची नावं, गल्ली आणि वाचनालय ओळखू येईल असे तपशील या लेखातून काढले आहेत. चुका ठेवल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेत, नदीपासून पायी पाच-सात मिनिटांवर, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक बालवाचनालय चालतं. शनिवार-रविवारी संध्याकाळी पाचवी ते सातवीची पंधरा-वीस मुलं येतात. जिन्याशेजारच्या भिंतीवर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर, एक आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली ‘१२-७-१९६१’ एवढंच कोरलेलं आहे. मुलं बरोबर त्या रेघेखाली चपला काढतात. ही रेघ कसली, असं एकानंही कधी विचारलं नव्हतं.

मी पुस्तकांचं संपादन करते. वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंनी आणि मी मिळून ठरवलं, की या रेघेवर एक बत्तीस पानी पुस्तिका काढायची. म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे. पेठेतल्याच घरांतले जुने फोटो गोळा करायचे, दहा ते तेरा वयाच्या मुलांना वाचता येईल असा मजकूर लिहायचा आणि १२ जुलैला, त्या रेघेखालीच, पुस्तिका मुलांच्या हातात द्यायची.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आधीच १९६१च्या पावसात भरलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते कसंबसं धरून ठेवलं. १२ जुलैच्या बुधवारी सकाळी ते फुटलं. लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आला, तेही फुटलं, आणि मुठेकाठचं पुणे पाण्याखाली गेलं. जिन्याशेजारची रेघ त्या पाण्याच्या उंचीची. पाणी ओसरल्यावर वेगळीच तऱ्हा झाली. शहराला पाणी देणारं धरणच गेलेलं, त्यामुळे प्यायला पाणी नाही. लोक विसरलेल्या विहिरींवर आणि पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांवर गेले. घरं गेलेल्यांसाठी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती झाल्या. ‘आमच्याकडे पानशेतच्या आधीचं काही नाही’ हे वाक्य जुन्या पेठांत अजूनही ऐकू येतं. त्या ‘काही’मध्ये बहुतेक वेळा फोटो असतात.

अडचण

पहिला मसुदा मी मनापासून लिहिला होता. धरणाचा नकाशा, तारीखवार घटना, चौदा फोटो आणि प्रत्येकाखाली नेटकी फोटोओळ. मे महिन्याच्या एका शनिवारी नऊ मुलांपुढे तो ठेवला.

अकराव्या मिनिटाला एका पानाचं विमान झालं.

फोटोंवर तर नजर ठरतच नव्हती. सगळ्यात जास्त वेळ मिळाला तो एका फोटोत कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्याला. ‘सगळं राखाडी आहे,’ असं एकानं सांगितलं. एकीनं विचारलं, ‘हे खरं आहे की पिक्चरमधलं?’ आणि एक सहावीतला मुलगा, ज्या फोटोत भिंतीला टेकून ठेवलेली सायकल स्पष्ट दिसते त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, ‘तेव्हा पेशवे होते का?’

हसू आलं, पण त्याचं चुकत नव्हतं. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक होऊन गेलेलं, पुढे गड, लढाया, तह. त्याच्या लेखी इतिहास ही एकच खोली, तिच्यात शिवाजीमहाराज, पेशवे, टिळक आणि त्याचे स्वतःचे आजोबा एकत्र बसलेले.

घरी जाऊन मी माझ्याच फोटोओळी वाचल्या. ‘पूर ओसरल्यानंतर गल्लीतील गाळ उपसताना नागरिक.’ यानंतर त्या फोटोत बघायला काय उरतं? ओळ वाचून झाली की डोळ्यांना सुट्टी. मुलांनी फोटो बघितले नव्हते, कारण मी त्यांच्या वाटचं बघून टाकलं होतं. हे कळायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी ‘हल्लीच्या मुलांना’ या शब्दांनी सुरू होणारी बरीच वाक्यं बोलले असेन.

कोणते पर्याय होते

वाचनालयाच्या बैठकीत चार सूचना आल्या. फोटो रंगीत करावेत. फोटो काढून चित्रकाराकडून चित्रं घ्यावीत. जुन्या फोटोशेजारी त्याच जागेचा आजचा फोटो छापावा. किंवा फोटो कमी करून मोठे छापावेत आणि ओळी काढून टाकाव्यात.

चित्रांचा विचार पैशांपाशीच थांबला. तेव्हा-आताच्या जोड्यांचं सगळ्यांना आकर्षण होतं, मीही दोन दिवस मोबाइल घेऊन गल्ल्यांतून फिरले. जुना फोटो काढणारा जिथे उभा होता तिथे आता दुचाक्यांची रांग असते, नाहीतर तो उंबराच राहिलेला नसतो. शिवाय मुलं अशा जोड्या ‘फरक ओळखा’सारख्या सोडवतात आणि पान उलटतात. एकच जोडी ठेवली, नव्या पुलाची. हा शिवाजी पूल १९२३चा आहे, शंभरी उलटली तरी पुण्यात तो ‘नवा पूल’च, आणि लकडी पूल लाकडाचा राहिला नाही तरी ‘लकडी’च. या दोन नावांवर मुलं मनसोक्त हसली. ते पान तेवढ्यावरच तरलं.

रंगांचा मुद्दा मात्र सहजी सुटला नाही. एका विश्वस्तांच्या पुतण्यानं तीन फोटो मोबाइलवरच्या अॅपमधून रंगवून आणले आणि खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला मीही सुखावले. चेहरे जिवंत वाटत होते. मग लक्षात आलं, की गल्लीतलं पुराचं पाणी निळं झालंय. मुठेला जन्मात कधी आलं नसेल इतकं निळं.

ते फोटो आम्ही पेठेतल्या एका आजींना दाखवले. पुराच्या वेळी त्या शाळकरी होत्या, सकाळी शाळेत जाऊन अर्ध्यातून घरी परत पाठवलेल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. म्हणाल्या, ‘हे पाणी? अगं, चहासारखं होतं ते. दूध कमी घातलेल्या. आणि वास!’ मग वासावर त्या दहा मिनिटं बोलल्या. रंगीत फोटोनं ती दहा मिनिटं मिळवून दिली हे खरं, पण ती स्वतःच्या चुकीमुळे. गल्लीतल्या बाईंचं लुगडंही अॅपनं तपकिरी केलं होतं. ते कुठल्या रंगाचं होतं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. अॅपनं अंदाज केला आणि अंदाज कुठे आहे याची खूण कुठेच ठेवली नाही. माझी मुख्य हरकत ही होती. चित्रकाराचं चित्र बघताना मुलाला कळतं, की हे कोणीतरी काढलंय. रंगवलेला फोटो ‘मी खरा आहे’ म्हणून समोर येतो.

विश्वस्तांना पटवलं ते मात्र काळ्या कुंकवानं. गोळा केलेल्या फोटोंत एक पानशेतच्या कितीतरी आधीचा, स्टुडिओत काढलेला होता. नऊवारीतल्या एक बाई, मागे रंगवलेला पडदा, कपाळावर मोठं काळंभोर कुंकू. पाचवीतल्या मुलीनं विचारलं, ‘तेव्हा काळं लावायचे?’ तर नाही. फोटो ज्यांवर उमटायचे त्या जुन्या काचा आणि फिल्म यांना निळा प्रकाश सहज कळायचा आणि लाल जवळजवळ कळायचाच नाही. त्यामुळे लाल कुंकू, लाल काठ, सगळं फोटोत काळं उतरायचं. कॅमेऱ्याला लाल दिसत नव्हतं, हे ऐकल्यावर ती मुलगी त्या फोटोतल्या प्रत्येक काळ्या गोष्टीवर संशय घ्यायला लागली. काठ? बांगड्या? पडद्यावरची फुलं? रंग भरून दिला असता तर हा सगळा खेळ गेला असता.

चौथा पर्याय निवडला. तत्त्व होतंच, पण कमी फोटो म्हणजे कमी खर्च हेही होतं.

काय केलं

चौदाचे नऊ फोटो केले. त्यांतले बहुतेक एका काकांच्या अल्बममधले. पुरात ते चौदा वर्षांचे होते आणि त्यांच्या चुलत्यांकडे डबा कॅमेरा होता. त्यांनी दिलेल्या आठ फोटोंपैकी पाच आम्ही घेतले.

कामाचा तपशील इतरांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. अल्बमच्या काळ्या पानावर चिकटवलेला फोटो उचकटायचा नाही, अख्खं पान स्कॅनरवर ठेवायचं. कागदी कोपऱ्यांत (फोटो कॉर्नरमध्ये) अडकवलेला असेल तरच अलगद काढायचा, कारण मागची बाजूही स्कॅन करायची असते. त्या काळचे कितीतरी फोटो निगेटिव्हच्याच मापाचे, सव्वादोन इंची चौकोनी. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, स्कॅन केले तर हाती टपाल तिकीट लागतं. १२०० वर केले तर पान भरून छापता येतात, आणि भिंगातूनही न दिसलेली दुकानाची पाटी अचानक वाचता येते. सेलोटेप दिसला तर हात लावायचा नाही. मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं, काचेवर पालथा ठेवून.

हक्कांचं थोडं बघावं लागलं. फोटो ज्याच्या घरात आहे तो त्या कागदाचा मालक. छापण्याचा हक्क त्याचाच असेल असं नाही. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, आपल्या कायद्यानं काढून घेणाऱ्याकडे जातो. घरच्या माणसानं काढलेल्याचा त्या माणसाकडे, म्हणजे पुढे वारसांकडे. वर्तमानपत्रांतली कात्रणं आम्ही वापरलीच नाहीत. एक फोटो हक्क असूनही वगळला. जेवणाच्या रांगेत ओल्या लुगड्यानिशी उभ्या असलेल्या एक वृद्ध बाई, चेहरा स्पष्ट. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि ती नजर बघता विचारलं असतं तर ‘हो’ म्हणाल्या नसत्या.

मग मुलांबरोबर बसलो. एक फोटो, वीस मिनिटं. फोटो मोठा करून भिंतीवर, खालची ओळ खाकी कागदानं झाकलेली. प्रश्न तीनच. काय दिसतंय? काय असायला हवं होतं पण दिसत नाहीये? आणि फोटो काढणारा कुठे उभा होता?

पहिल्या फोटोत चिखलानं भरलेली गल्ली आहे. मधोमध आठ-नऊ वर्षांचा मुलगा, अर्ध्या चड्डीत, हातात पितळी तांब्या. पाच मिनिटं नुसती यादी झाली. मग एकजण म्हणाला, ‘त्याच्या एकाच पायात चप्पल आहे.’

‘दुसरी वाहून गेली.’

‘मग ही कशाला घातलीय? एकच?’

‘हरवली तर आई ओरडेल म्हणून.’

‘सगळं घर वाहून गेलंय आणि आई चपलेवरून ओरडेल?’

‘माझी ओरडेल,’ असं तो मुलगा इतक्या ठामपणे म्हणाला, की पुढे कोणी वाद घातला नाही. तांब्या कशाला, हे शोधताना विहिरी आणि कात्रजच्या हौदाचं सगळं प्रकरण त्यांनीच माझ्याकडून काढून घेतलं. पहिल्या मसुद्यात तेच तिसऱ्या पानावर होतं, चौकटीत, आणि कोणी वाचलं नव्हतं.

तिसऱ्या प्रश्नाची ताकद मला सुरुवातीला कळली नव्हती. ‘पाणी असतानाचा एकही फोटो का नाही?’ हा प्रश्न त्यातूनच आला. कारण उभं राहायला जागाच नव्हती. ज्याच्याकडे कॅमेरा तोही जीव घेऊन पळत होता. पावसाळी अंधारात डबा कॅमेऱ्याला पुरेसा उजेडही मिळत नाही. त्यामुळे घरोघरचे पानशेतचे फोटो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे असतात: गाळ, पडकी भिंत, गच्चीवर वाळत घातलेल्या वह्या आणि गाद्या. यावर एक मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे तर एकही नाही. आजीच्या लग्नाचा पण वाहून गेला.’ तिच्या त्या वाक्यासाठी आम्ही पंधरावं पान कोरं ठेवलं, फक्त चार फोटो कॉर्नर आणि खाली एक ओळ. छापखान्यातून दोनदा फोन आला, ‘ताई, पंधरावर फोटो पडलेला नाही.’ दुसऱ्यांदा त्यांनी आपलेपणानं दुसऱ्याच एका पानावरचा फोटो तिथे टाकूनही बघितला होता.

जोडपानावरचा फोटो

‘पाणी असतानाचा एकही फोटो नाही’ असं वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. एक होता. काकांच्या आठांपैकी सगळ्यात देखणा. पहिल्या मजल्यावरून काढलेला: गल्लीत कमरेएवढं पाणी, दोघं माणसं डोक्यावर बोचकी घेऊन निघालेली, एक पिंप तरंगतंय, मागे कौलारू छपरं. पाठीमागे बॉलपेननं लिहिलेलं, ‘पानशेत १९६१’. साहजिकच तो मधल्या जोडपानावर गेला. पुस्तिका उघडली की आपोआप तिथेच उघडणार.

जूनच्या शेवटच्या शनिवारी प्रुफं मुलांसमोर ठेवली. हा फोटो त्यांनी आधी पाहिला नव्हता. मोठी छपाई परवडेना म्हणून भिंतीवर लावला नव्हता. सात-आठ मिनिटांनी पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘ताई, त्या छपरावर माशाचं हाड कशाला ठेवलंय?’

ताई हसल्या. ‘हाड नाही गं, अँटेना आहे तो. टीव्हीचा. आमच्या लहानपणी सगळ्या छपरांवर असायचा, चित्र हललं की वर चढून फिरवावा…’ आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामार्फत ते पुण्यात दिसायला लागलं १९७३मध्ये. १९६१च्या पुण्यात छपरावर अँटेना असायचं काही कारणच नव्हतं.

आम्ही दोघींनी तो फोटो महिनाभर पाहिला होता, पिंपाची, बोचक्यांची वर्णनं लिहिली होती. अँटेना आमच्या इतक्या ओळखीचा, की तो डोळ्यांना लागलाच नाही. जिनं तो आयुष्यात पाहिला नव्हता तिलाच दिसला.

आणि मग, आधी दिसूनही न दिसलेलं सगळं दिसायला लागलं. बाकी सात फोटोंच्या कडा कातरलेल्या होत्या, त्या काळच्या पद्धतीच्या. याच्या सरळ होत्या. आठही फोटोंच्या मागे एकाच पेननं, एकाच हातानं लिहिलेलं होतं, म्हणजे कोणीतरी पुढे कधीतरी एका बैठकीत लिहिलेलं. मागची बाजू स्कॅन करायची असते असं मी वर ऐटीत सांगितलं. आम्ही ती केली होती. वाचली नव्हती.

हातात पंधरा दिवस होते. फोटो काढून टाकायचा, तर मधलं जोडपान मोकळं आणि मांडणी नव्यानं. ओळ मोघम करायची, ‘पुण्यातील पूर’, म्हणजे खोटं नाही आणि खरंही नाही. एका विश्वस्तांचं म्हणणं, कोणाच्या लक्षात येणार आहे? यावर ताई म्हणाल्या, ‘पाचवीतल्या मुलीच्या.’ शेवटचा पर्याय मुलांनीच काढला: फोटो तिथेच ठेवायचा आणि वर लिहायचं, ‘हा फोटो पानशेतचा नाही. कशावरून?’

तो ठरला. पण फोटो काकांचा होता.

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. मी फोन केला. रविवारची सकाळ, मी घाईत, आणि तोंडातून गेलं, ‘काका, तुमचा तो एक फोटो चुकीचा निघाला.’

‘चुकीचा म्हणजे? मी खोटं सांगतोय?’

‘तसं नाही, पण त्यात अँटेना…’

‘मी होतो तिथे. तुमचा जन्म तरी झाला होता का?’

दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू आला आणि आठही फोटो घेऊन गेला. सोबत निरोप, आमचा एकही फोटो छापायचा नाही. नऊपैकी पाच पानं गेली.

दोन आठवडे आम्ही काही केलं नाही, म्हणजे भांडत बसलो. मी म्हणत होते, दुसरे फोटो शोधू. ताई म्हणत होत्या, त्यांची माफी मागायला जाऊ, फोटो मिळोत न मिळोत. १२ जुलै तशीच गेली. त्या दिवशी मुलांनी रेघेखाली खडूनं एक मासा काढला.

शेवटी ताईंचं ऐकलं. जाताना प्रुफं नेली नाहीत. त्या फोटोची मोठी प्रत आणि भिंग एवढंच. फोनवरच्या बोलण्याबद्दल मी आधी माफी मागितली. चहा आला. अँटेनाचा विषय कोणीच काढला नाही. मग ताईंनी मुलांना विचारतात तसंच सहज विचारलं, ‘काका, फोटो काढणारे कुठे उभे होते हो?’

‘कुठे म्हणजे? आमच्या गॅलरीत. इथून पहिल्या मजल्यावरून.’ ते बोटानं दाखवायला उठले आणि दारापाशी उभे राहिले. बराच वेळ. ‘गॅलरी…’ म्हणाले. ‘वाड्याची ही बाजू तर पानशेतमध्ये बसली. गॅलरी नंतर बांधली, वडिलांनी.’

आतून काकू आल्या, हात पुसत. त्यांनी फोटो बघितला. ‘थोरल्याच्या मुंजीच्या साली नव्हतं का आलं गल्लीत पाणी? तेव्हाचा असेल. तुम्हीच काढत होतात, मी ओरडत होते आत या म्हणून.’

काका काही बोलले नाहीत. भिंग घेऊन अँटेना शोधला. मग म्हणाले, ‘छापा. पण माझं चुकलं असं लिहू नका. मुलांनी पकडलं असं लिहा.’

निकाल

पुस्तिका ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आली, पाचशे प्रती. जोडपानावर तो फोटो, वर प्रश्न, आणि उत्तर शेवटच्या पानावर उलटं छापलेलं. काकांच्या अटीप्रमाणे, ‘मुलांनी पकडलं.’

मुलांच्या बाबतीत त्या पानानं काम केलं, यात शंका नाही. एकदा एक फोटो ‘खोटा’ निघाला म्हटल्यावर बाकीचे आठ त्यांनी पोलिसांसारखे तपासले. नव्या पुलाच्या पानावर माझी एक दिशेची चूकही काढली, ती खरी होती. घरचे अल्बम यायला लागले. एका मुलानं आणलेला फोटो त्याच्या पणजोबांचा की पणजोबांच्या भावाचा, हे घरात कोणालाच सांगता येईना. त्यानं कोल्हापूरला मावसआजीला व्हिडिओ कॉल लावून भर वाचनालयात तो निकाल लावला. पेशवे विचारणारा मुलगा आता विचारतो, ‘हे टीव्हीच्या आधीचं की नंतरचं?’ कालगणना म्हणून हे काही वाईट नाही.

जे जमलं नाही तेही आहे. आठवीच्या एका वर्गात हाच तास पार पडला, पण रंगला नाही. त्यांना उत्तर हवं होतं, परीक्षेला येणार का हे हवं होतं. दोन शाळांतल्या शिक्षकांनी तीन प्रश्नांची ‘आदर्श उत्तरं’ मागितली. मी नाही म्हटल्यावर त्यांनी प्रती घेतल्या नाहीत. त्यांची अडचण मला समजते: चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, वीस मिनिटं एका फोटोला कुठून काढणार. तरीही नाही म्हटलं. शे-दीडशे प्रती अजून वाचनालयाच्या माळ्यावर आहेत. कोरं पान पालकांना छपाईची चूक वाटतं. एकांनी बदली प्रत मागितली.

पुन्हा करायचं झालं तर

मुलांना स्कॅन आधी दाखवायचे, मांडणी नंतर. आम्ही उलटं केलं आणि अँटेना प्रुफांत सापडला. आणखी दहा दिवसांनी तो छापून आलेल्या पुस्तिकेत सापडला असता.

प्रत्येक फोटोपुढे तीनपैकी एक शिक्का हवा: नक्की, बहुधा, माहीत नाही. आमच्या वहीत एकच रकाना होता, ‘साल’, आणि रिकामा रकाना दिसला की माणूस तो भरतो. तारीख कुणाच्या तोंडून कळली, मागे लिहिलेली असेल तर ती कुठल्या हातानं आणि कधी, कडा कशा, कागद कसा, हे नोंदवायला फोटोमागे पाच मिनिटं लागतात.

फोटो देणाऱ्याची आठवण वेगळी नोंदवायची आणि फोटो वेगळा. काकांची पानशेतची आठवण पक्की होती, तिच्यात काही खोट नव्हती. ती भलत्या फोटोला जाऊन चिकटली होती, एवढंच. मी दोन्ही एकत्र गुंडाळून ‘चुकीचं’ म्हटलं.

फोटो घेतानाच स्कॅनची एक छापील प्रत आणि पेनड्राइव्ह घरच्यांना द्यायला हवा होता. काकांना त्यांचेच फोटो मोठे करून आम्ही दाखवले ते भांडणानंतर. तसे आधी दाखवले असते, तर अँटेना कदाचित त्यांनाच दिसला असता आणि गोष्ट त्यांच्या नावावर लागली असती.

आणि अशा कामासाठी फोन करायचा नाही. जायचं.

दिवाळीत काकांकडे फराळाला बोलावणं होतं. त्यांनी अल्बम बाहेर काढला, तो फोटो कोपऱ्यांतून सोडवला आणि पालथा करून माझ्या हातात दिला. बॉलपेननं लिहिलेलं ‘पानशेत १९६१’ तसंच होतं. त्याच्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: ‘नव्हे. थोरल्याची मुंज.’

‘मऊच पेन्सिल आहे,’ काका म्हणाले. ‘ताईंनी दिलीय.’